अशीच जन्मली

निवडणूक जाहीर झाली की
सदर बझार ठाण्यात हत्यारं जमा करायची रांग लागते.
पुढे दोन बाराबोर, एक ऊसवाले मालक,
त्यांचं कोरं पिस्तूल मखमलीत.
माझी पाळी आली की हवालदार तडवळकर
पेनाला टोपण घालतात, खुर्ची मागे सरकवतात.
“हे आणलं का बे परत?”

रजिस्टरात ‘प्रकार’ नावाचा रकाना आहे, दोन बोटं रुंद.
त्यात रायफल मावते. पिस्तूल मावतं.
हिचं काय करायचं ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.
मग समोरच्या टेलरकडून टेप येते,
शर्टाची बाही मोजावी तशी मोजतात:
साडेअठरा इंच.
“कापलीय का?”
नाही साहेब. कारखान्यातून अशीच निघाली.
बिनखांद्याची. अशीच जन्मली.

कार्बाईन ती, पिस्तूल ते.
पंचवीस वर्षं झाली, मी अजून दोन्ही म्हणतो.

मोठ्या लढाईत हिच्या थोरल्या बहिणी
ड्रायव्हरांच्या, तारवाल्यांच्या पाठीवर होत्या,
ज्यांना पुरी रायफल झेपायची नाही त्यांच्या.
लढाई सरली, आणि कुठल्यातरी कारखान्यात कुणाला तरी वाटलं
दस्ता काढावा, नळी आखूड करावी, मूठ बसवावी.
का वाटलं?
जे कागद मिळाले त्यात तेवढंच नाही.
एका हाताला जड, दोन हातांना अवघड,
कमरेला लावली तर माणूस एका बाजूला कलतो.
बिदरच्या एका वकिलांच्या विधवेनं विकताना सांगितलं,
“ह्यांनी कधी झाडली नाही, नुसती पुसायचे.”

डावीकडची मूठ चिरलेली होती.
राजमोगली श्रीपुरमनं ती नवी केली
जुन्या मागाच्या धोट्यातून.
एक धोटा उभा चिरला, दोन फाका झाल्या,
चाळीस वर्षं ताण्यातून पळून पळून
ते लाकूड आरशासारखं झालेलं.
“ह्येला रंग लावू नको बे,” तो म्हणाला,
“ह्येनं लई पळालंय. आता धरून ठेव.”

केगावच्या पुढं माळावर क्लबचा मातीचा धक्का आहे.
महिन्यातून एक रविवार, पाच गोळ्या.
गोळी महाग, आणि मिळते ती कोटा असेल तर.
लांब नळीसाठी भरलेली दारू
आखूड नळीत जळून पुरी होत नाही,
उरलेली सगळी बाहेर येऊन जळते,
भर उन्हात, त्रेचाळीस अंशांत,
कलिंगडाएवढा जाळाचा गोळा.
शेजारच्या लेनमधली पोरं कानावरच्या मफच्या वरून हात दाबतात.
कागदावर भोक सापडलं तर सापडलं.

राजमोगली मागे स्टुलावर बसायचा, कान उघडे.
त्याचं ऐकणं मागांच्या खडखडाटात केव्हाच गेलेलं,
पूर्व भागात त्याच्या वयाचे सगळे एकमेकांशी ओरडूनच बोलतात.
मी चाप ओढला की
तो टाळी वाजवून हसायचा.
“दिसला!” म्हणायचा. “आवाज दिसला!”

मग कायदा बदलला. तीन होती, दोनच ठेवा म्हणाले.
एक जर्मन होतं, लाकडी डब्यातलं,
डबा मागे जोडला की खांद्याला लागायचं.
पिस्तूल असून रायफल व्हायची हौस असलेलं.
त्याला गिऱ्हाईक चटकन मिळालं.
हिला तेव्हाही कुणी विचारलं नाही.

तडवळकर शेवटी लिहितात, “पिस्तूल, मोठे”.
मागच्या खेपेला “कार्बाईन, छोटी” लिहिलं होतं.
मी दोन्हीखाली सही केली आहे.
पावती घडी करून चष्म्याच्या घरात ठेवतो.

घरी कपाटाचा खण उघडला तर तेलाचा वास,
फडक्यावर तिच्या आकाराचा डाग.
सुना म्हणतात, तेवढ्यात खण धुऊन घ्या.
निकाल लागेपर्यंत दीड महिना आहे.
राजमोगलीचा मुलगा काल येऊन गेला,
धोट्याचा दुसरा तुकडा ठेवून गेला टेबलावर.
बापाच्या पेटीत सापडला म्हणाला,
त्यावर पेन्सिलीनं माझं नाव होतं
आणि खाली, तेलुगूत, काहीतरी.
मला वाचता येत नाही.
त्यालाही येत नाही.